मुदतीने दिलेली जमीन



आजचं बोलणं एका प्रश्नावरून सुरू करते. आपल्या एक ऐकणाऱ्या ताई आहेत. त्यांचे मालक दोन वर्षांपूर्वी वारले. मुलगा दहावीला, मुलगी सातवीत. पावणेदोन एकर जिराईत रान आहे. बैलजोडी विकावी लागली आणि मजूर लावून शेती परवडत नाही. बांधाशेजारचे भाऊ म्हणाले, "वहिनी, तीन वर्षं रान माझ्याकडे द्या. मुलगा हाताशी आला की परत घ्या." ताईंना पटलं, पण घरात पेच पडला. सासूबाई म्हणतात, "दे, पण कागद करू नकोस. कागद केला की कूळ लागतं, मग रान गेलं म्हणून समज." आणि कसणारे भाऊ म्हणतात, "कागद द्या. नाहीतर मला पीकविमा उतरवता येत नाही आणि नुकसानभरपाईही मिळत नाही." ताई विचारतात, मी कुणाचं ऐकू?

सासूबाई उगाच घाबरत नाहीत. त्यांच्या लहानपणी गावोगाव जे घडलं ते त्यांनी घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकलंय. तेच आज सांगते. थोड्या दिवसांसाठी जमीन दुसऱ्याला कसायला द्यायची, तर कायदा काय म्हणत आला, अर्ज कुणी करायचा, कधीपर्यंत करायचा आणि अर्ज राहिला तर काय झालं, याचा हा इतिहास आहे. त्यात बाईमाणसाचं नाव फार वेळा येतं. बाईला विचारलं मात्र फार कमी वेळा गेलं.

जमीन दुसऱ्याकडून कसून घेण्याची रीत जुनी आहे. कुठे तिला अर्धेली म्हणतात, कुठे वाटा, कुठे बटई. ठरलेले पैसे किंवा धान्य घेतलं तर खंड किंवा मक्ता. कसणारा तो कूळ. पूर्वी कुळाला कसलाच आधार नव्हता. मालकाची मर्जी असेतोवर जमीन त्याच्याकडे. मर्जी फिरली की पेरणीच्या तोंडावरही त्याला उठवत. कोकणात खोतांच्या गावी तर कूळ पिढ्यानपिढ्या कसत असलं तरी खळ्यावरचा मोठा वाटा खोताच्या घरी जायचा.

या अन्यायाविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी शेतकऱ्यांनी संप केला. त्यांचे पुढारी नारायण नागू पाटील. खोताची जमीन कसायचीच नाही असं ठरलं, आणि १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं चरी आणि आसपासच्या गावांनी ते पाळलं. शेत पडीक, घरात दाणा नाही, तेव्हा लोकांनी जंगलातून लाकूडफाटा आणून विकला आणि दिवस काढले. त्याच काळात, १९३७ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. चुलीला काय घालायचं हा सहा वर्षांचा प्रश्न घरातल्या बायकांनीच सोडवला असणार, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

या चळवळींच्या रेट्याने १९३९ साली मुंबई प्रांतात पहिला कूळकायदा झाला. आधी तो थोड्या भागात लागू होता, १९४६ साली सगळ्या प्रांतात लागू झाला. त्याची जागा १९४८ च्या कायद्याने घेतली. आपण ज्याला कूळकायदा म्हणतो तो हाच, मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम. त्यात दोन गोष्टी आल्या. मालकाने पिकाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या वर खंड घ्यायचा नाही. आणि जमीन दहा वर्षांपेक्षा कमी मुदतीने द्यायची नाही.

ही दहा वर्षांची गोष्ट ध्यानात ठेवा. आज मुदत म्हटलं की आपल्याला वाटतं, ती मालकाच्या सोयीसाठी असते, तीन वर्षं झाली की जमीन परत. त्या वेळी कायद्याने मुदत घातली ती कुळाच्या रक्षणासाठी. निदान दहा वर्षं तरी त्याला कुणी हलवू नये म्हणून.

पण मालकाला एक वाट मोकळी होती. "मला स्वतः कसायची आहे," असं म्हणून नोटीस दिली की जमीन परत मागता यायची. दुसरी वाट म्हणजे राजीनामा. कूळ स्वतःहून जमीन सोडतोय असं लिहून घ्यायचं. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी या कायद्याचं प्रत्यक्षात काय झालं याची गावोगाव पाहणी केली. त्यांचा अहवाल १९५७ साली निघाला. राजीखुशीने जमीन सोडली असं जे कागदावर दिसत होतं, ते पुष्कळ ठिकाणी नावापुरतंच राजीखुशीचं होतं, असं त्यातून पुढे आलं. कागदावर अंगठा कुळाचा आणि त्यामागे दाब मालकाचा, अशातली गत.

आता येऊ १९५६ सालाकडे. त्या एका वर्षात बाई आणि जमीन यांचं नातं तीनदा बदललं.

१७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला. त्याआधी विधवेला नवऱ्याच्या जमिनीत वाटा मिळे तो तिच्या हयातीपुरता. जपायचं आणि खायचं, विकायचं मात्र नाही. या कायद्याने तिच्या ताब्यातली जमीन तिच्या पूर्ण मालकीची केली.

१ ऑगस्ट १९५६ ला कूळकायद्याची मोठी दुरुस्ती लागू झाली. "कसेल त्याची जमीन" हे तत्त्व कायद्यात उतरलं. १ एप्रिल १९५७ हा दिवस ठरला, त्याला कृषक दिन म्हणतात. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत असेल त्याने ती विकत घेतली असं मानायचं. जुन्या कागदांत "मानीव खरेदी" हा शब्द दिसतो तो इथला. किंमत न्यायाधिकरणाने ठरवायची. कायम कूळ असेल तर खंडाच्या सहा पट, इतर कुळांसाठी जमिनीच्या आकाराच्या वीस पटींपासून दोनशे पटींपर्यंत. किंमत ठरवायची ती ३२ ग ची चौकशी, आणि पैसे भरल्यावर मिळायचं ते ३२ म चं प्रमाणपत्र. हे दोन आकडे जुन्या घरांत अजून लोकांच्या तोंडी आहेत.

आणि या दोन तारखांनंतर, २५ ऑगस्ट १९५६ ला, अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा कायदा लागू झाला. त्यात मुलांच्या जमिनीबद्दल एक कलम आहे. त्याकडे शेवटी येते, कारण आपल्या ताईंना ते आजही लागू आहे.

कृषक दिनाआधी मालकाला जमीन स्वतः कसण्यासाठी परत मागायची असेल तर मुदत होती. ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत कुळाला नोटीस द्यायची आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत मामलेदाराकडे अर्ज करायचा. दुसऱ्या दिवशी जमीन कुळाची. शहरात राहणाऱ्या, वकील गाठीशी असणाऱ्या मालकांनी अर्ज वेळेत टाकले. ज्या घरात कर्ता पुरुषच नव्हता तिथे काय झालं?

कायदा करणाऱ्यांनी हा विचार केला होता. त्यांनी विधवा, अज्ञान मूल, शरीराने किंवा मनाने अपंग असलेली व्यक्ती आणि सैन्यात नोकरीवर असलेला जवान यांना वेगळं काढलं. कायद्यात "स्वतः कसणे" याची व्याख्या आहे. स्वतःच्या अंगमेहनतीने, घरच्यांच्या मेहनतीने किंवा स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून कसणं म्हणजे स्वतः कसणं. पण मजुराला पिकाचा वाटा दिला तर ते स्वतः कसणं नाही. मात्र विधवेसाठी आणि या बाकीच्यांसाठी खाली एक खुलासा जोडला. त्यांची जमीन कुळाकरवी कसली जात असली तरी ती त्यांनी स्वतःच कसली असं धरायचं. एरवी जमीन दुसऱ्याला देणं म्हणजे हक्क गमावणं, पण विधवेने दिली तर ती तिच्याच हातात आहे असं कायद्याने मानलं.

म्हणून १ एप्रिल १९५७ ला विधवेची जमीन कुळाच्या नावे झाली नाही. कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला गेला. किती पुढे? मूल असेल तर ते सज्ञान होईपर्यंत. विधवा असेल तर तिचा त्या जमिनीतला हक्क संपेपर्यंत, म्हणजे बहुतेक वेळा तिच्या मरणापर्यंत. त्यानंतर एक वर्ष तिच्या वारसाला, जमीन स्वतः कसायला परत मागण्यासाठी. ते वर्ष गेलं की पुढचं एक वर्ष कुळाला, जमीन विकत घेण्यासाठी. हे कलम ३२ फ.

ऐकायला बरं वाटतं, पण त्यात तीन खाचा होत्या.

पहिली, तारखेची. १ एप्रिल १९५७ या दिवशी बाई विधवा असायला हवी. नवरा त्या दिवशी हयात असेल आणि महिन्याभराने वारला असेल, तर जमीन आधीच कुळाची झालेली. त्या बाईला सवलत नाही.

दुसरी, एकत्र कुटुंबाची. दीर आणि भावजय एकत्र, जमीन एकत्र, अशा घरातल्या विधवेला सवलत मिळायची ती एका अटीवर. ३१ मार्च १९५८ च्या आत तिचा हिस्सा सरसनिरस मोजून वेगळा काढलेला असला पाहिजे आणि मामलेदाराची तशी खात्री झाली पाहिजे. आता विचार करा, १९५८ साली दिराच्या घरात राहणारी विधवा, पदरात पोरं, ती मोजणी मागेल? मागितली तर त्या घरात राहील कुठे? कायद्याने दार उघडलं होतं, पण किल्ली दिराच्या कनवटीला होती.

तिसरी खाच माझ्या मनाला जास्त लागते. या सवलतीत जमीन स्वतः कसायला परत मागण्याचा अर्ज कुणी करायचा, तर मूल सज्ञान झाल्यावर त्याने स्वतः, आणि विधवेच्या बाबतीत तिच्या वारसाने. अपंगत्व सरतं, अज्ञानपण सरतं, म्हणून त्या माणसांनी पुढे स्वतः कसावं ही कल्पना होती. विधवा कधी स्वतः कसेल ही कल्पनाच त्या कलमात नाही. प्रत्यक्षात त्याच काळात हजारो विधवा दुसऱ्यांच्या रानात खुरपत होत्या.

आता बांधाच्या पलीकडे जाऊ. कुळाच्या घरातही बाई होतीच. लावणी, खुरपणी, मळणी यांतलं निम्म्याहून जास्त काम तिचं. पण कुळाच्या नोंदवहीत, गाव नमुना ७-अ मध्ये, नाव लागलं ते घरातल्या पुरुषाचं. एक गोष्ट मात्र कायद्याने तिच्या बाजूने केली. कूळ मेलं तरी कूळपण मरत नाही, ते वारसांकडे चालतं. त्यामुळे नवरा गेल्यावर कित्येक बायका कूळ म्हणून उभ्या राहू शकल्या.

पण मालकीण विधवा असेल तर या कुळाच्या घराचीही कोंडी होती. मालकीण पुण्यामुंबईत मुलाकडे राहते. तिथेच वारते. गावात कुळाला खबर नाही. खबर नाही तर वर्ष कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे कळणार कसं? मुदत टळली की वारस म्हणायचे, "तुझा हक्क बुडाला, जमीन सोड." असे दावे कोर्टात वर्षानुवर्षं चालले. आधी सर्वोच्च न्यायालयानेच मुदत चुकली की कुळाचा हक्क गेला असं मत दिलं होतं. २०१९ साली ते बदललं. विधवेचा हक्क संपल्याचं कुळाला कळवणं हे तिच्या वारसाचं काम आहे, असं न्यायालयाने सांगितलं. कृषक दिनानंतर बासष्ट वर्षांनी हे ठरलं. तोवर मूळ मालकीण आणि मूळ कूळ बहुतेक ठिकाणी काळाच्या पडद्याआड गेली होती.

लहान मालकांसाठीही एक अर्ज होता. ज्याची जमीन थोडी आणि वर्षाचं सगळं उत्पन्न दीड हजार रुपयांच्या आत, त्याने मामलेदाराकडे अर्ज करून दाखला घ्यायचा. हे कलम ८८ क. दाखला असला की मानीव खरेदीतून सूट. पुढे १९६१ च्या दुरुस्तीने अशा दाखलेवाल्यांना जमीन परत मागता आली, पण सगळी नाही. मालक आणि कूळ दोघांकडे कसायला सारखीच जमीन राहील एवढीच. एका गरिबाचं काढून दुसऱ्या गरिबाला द्यायचं तर निदान वाटणी सारखी असावी, हा त्यामागचा विचार. मला तो आजही न्यायाचा वाटतो. पण इथेही मेख अर्जाचीच. दाखला मागितला नाही त्याला तो मिळाला नाही.

आणि कृषक दिनानंतर कुणी नव्याने जमीन कुळाकडे दिली तर? त्यासाठी कलम ३२ ओ. अशा नव्या कुळालाही कूळपण सुरू झाल्यापासून एका वर्षात जमीन विकत घेण्याचा हक्क. सासूबाईंच्या भीतीचं मूळ इथे आहे. जमीन वर्षासाठी दिली तरी ती जाऊ शकते, हे गावाला कळलं आणि लोकांनी जमीन देणं बंद केलं नाही, सांगणं बंद केलं. तोंडी व्यवहार, अकरा महिन्यांची बोली, दरवर्षी रान बदलून देणं, पीकपाहणीत "खुद्द" लिहून घेणं, हे सगळं तेव्हापासूनचं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी सांगितलेल्या तारखा जुन्या मुंबई इलाख्यातल्या, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, कोकण, नाशिक आणि खानदेश या भागांतल्या. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, तिथे १९५० चा वेगळा कायदा. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कायदा आणि तिथला कृषक दिन १ एप्रिल १९६१. त्या भागातल्या मैत्रिणींनी आपापल्या कायद्याची चौकशी करावी.

या सगळ्यातून कुणाचं नुकसान झालं असं विचाराल तर उत्तर सरळ नाही. पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या कुळांना जमीन मिळाली, त्यांची मुलं शाळेत गेली, हे या कायद्याचं मोठं काम आहे. आपल्यातल्या किती तरी जणींच्या माहेरचं रान असंच आलेलं असेल. पण त्याच कायद्याने उरलेला व्यवहार अंधारात ढकलला, आणि अंधारात ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. बाईचा आवाज कधीच मोठा नव्हता, मालकिणीचाही नाही आणि कुळाच्या बायकोचाही नाही.

मुदतीने जमीन देण्याची एक उजेडातली वाटही आपल्याच राज्यात आहे. ती आदिवासींच्या जमिनीबद्दल आहे. ठाणे भागात १९४५ साली वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला, आणि त्यांना संघटित करण्यात गोदावरी परुळेकर पुढे होत्या, हे आपण ऐकलंय. तरीही आदिवासींची जमीन कधी कर्जात, कधी कूळकायद्याच्याच आधाराने दुसऱ्यांकडे जात राहिली. म्हणून १९७४ साली महसूल कायद्यात कलम ३६ अ आलं, ते ६ जुलै १९७४ पासून लागू आहे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला भाडेपट्ट्याने किंवा गहाण द्यायची तर घेणाऱ्याने अर्ज करायचा आणि जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. अशी परवानगी पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीची. त्याहून जास्त काही असेल तर राज्य सरकारची संमती. परवानगीआधी जिल्हाधिकाऱ्यांनी बघायचं की त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत ती जमीन घ्यायला दुसरा कुणी आदिवासी तयार नाही ना. आणि मुदत संपली की जमीन मूळ मालकाला परत मिळवून देण्याचा अधिकारही जिल्हाधिकाऱ्यांनाच.

त्याच सुमारास आणखी एक कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी, कूळ म्हणून बिगरआदिवासीने घेतलेल्यासुद्धा, परत मिळवण्याची सोय त्यात आहे. "मी स्वतः कसेन" असं लिहून द्यायचं. बघा, तीच कृषक दिनाची तारीख इथे उलट्या बाजूने आली. एकाला जमीन देणारी तारीख दुसऱ्याला परत मागण्याची सुरुवात झाली.

१९४८ साली मुदत कमीत कमी दहा वर्षांची होती, ती कुळाला जपण्यासाठी. १९७४ साली परवानगीची मुदत पाच वर्षांपर्यंतची झाली, ती मालकाला जपण्यासाठी. मुदत कुणाच्या बाजूने उभी राहणार हे आकड्यावर ठरत नाही. दोघांत दुबळं कोण हे आधी बघावं लागतं, आणि मुदत संपल्यावर जमीन परत देवविणारं कुणीतरी असावं लागतं.

आता आपल्या ताईंकडे येऊ. ताई, तुमच्या सासूबाईंची भीती खरी आहे, पण त्यांचा उपाय खरा नाही. कागद केल्यामुळे कूळ लागत नाही, आणि कागद न केल्यामुळे कूळ टळतही नाही. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कोण कसतंय हे कायदा बघतो. तोंडी दिलेल्या जमिनीवरही कूळ असल्याचे दावे झाले आणि ते पीकपाहणीच्या नोंदींवर, पावत्यांवर, साक्षीदारांवर ठरले. हे ठरवण्याचा अधिकारही तहसीलदारांचा आहे, दिवाणी कोर्टाचा नाही. तेव्हा कागद नसला तर तुमची बाजू सांगणारं काहीच उरत नाही. नवरा हयात नाही, मुलं लहान होती, हे सांगायला तारीख लागते.

म्हणून जमीन देण्याआधी चार गोष्टी करा.

पहिली, वारसनोंद. सातबाऱ्यावर मयत नवऱ्याचंच नाव असेल तर आधी तुमचं आणि मुलांचं लावून घ्या. मुलं अज्ञान असल्याने त्यांच्या नावापुढे पालनकर्ती म्हणून तुमचं नाव येईल.

दुसरी, सातबारा नीट वाचा. भोगवटादार वर्ग १ आहे की २? इतर हक्कांच्या रकान्यात काय आहे? तुमची जमीन सासऱ्यांना कूळकायद्याने मिळालेली असेल तर तिथे कलम ४३ चा शेरा असू शकतो. अशी जमीन विकायला आणि भाडेपट्ट्याने द्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागे. २०१४ पासून खरेदीला दहा वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ती अट सुटते. पण ते आधी करावं लागतं, नंतर नाही.

तिसरी, मुलांचा हिस्सा. मघाशी राहिलेलं १९५६ चं पालकत्वाचं कलम हेच. आई पालक असली तरी अज्ञान मुलाची जमीन पाच वर्षांपेक्षा जास्त, किंवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या पुढे जाईल अशा मुदतीने, कोर्टाच्या परवानगीशिवाय देता येत नाही. तुमचा मुलगा दहावीला आहे, म्हणजे सज्ञान व्हायला दोन-तीन वर्षं. तुमची तीन वर्षांची मुदत या मापात बसते. पण कुणी दहा वर्षांचा आग्रह धरला तर हे कलम त्याच्यापुढे ठेवा.

चौथी, कागद. गट नंबर, क्षेत्र, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, खंड किती, पाणीपट्टी कोण भरणार, विहीर आणि झाडं कुणाची, हे सगळं त्यात असावं. मुदत वर्षापेक्षा जास्त असेल तर नोंदणी करावी लागते. खंडाची पावती दरवर्षी. २०२१ पासून पिकाची नोंद मोबाइलवरच्या ई-पीक पाहणीत आपण स्वतः करू शकतो. ती दुसऱ्याच्या हाती सोडू नका.

पण नुसता कागद तुम्हाला कूळकायद्यातून सोडवेल अशी समजूत करून घेऊ नका. म्हणून सहीआधी तो जाणत्या वकिलाला दाखवा. पैसे नाहीत म्हणून अडून राहू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिची कमाई कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. हाही एक अर्जच, पण हा आपल्या बाजूचा.

आणि शेजारच्या भाऊंनाही कागद नको म्हणू नका. तेही रान कसणार, बी-खत घालणार, गारपीट झाली तर सोसणार. त्यांच्या घरीही एक बाई आहे, ती तुमच्या रानात खुरपणार आहे. पीकविम्यासाठी त्यांच्याकडे नोंदणी केलेला करार मागतात. तो नसेल तर त्यांचं नुकसान कुणाच्या खात्यावर जमा होणार?

असा व्यवहार उघडपणे व्हावा म्हणून निती आयोगाने २०१६ साली शेतजमीन भाड्याने देण्याचा एक नमुना कायदा तयार केला. मालकाची मालकी सुरक्षित आणि कसणाऱ्याला कर्ज-विमा, असा त्याचा हेतू. आपल्याकडे मात्र घराघरांत अजून १९५७ ची भीतीच कारभार करते.

१९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन झालं, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत कित्येक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून दिला. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. नाव लागण्याची लढाई आपल्या आयांनी बरीच पुढे नेली. नाव लागलेली जमीन आपल्या अटींवर, आपल्या मुदतीने द्यायची आणि वेळेवर परत घ्यायची, हे शिकणं आपल्याकडे राहिलं आहे.

ताई, सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवा. आणि कागद होईल त्या दिवशी त्यांनाच साक्षीदार म्हणून सही करायला सांगा. त्यांच्या घरात अशा कागदावर बाईची सही बहुधा पहिल्यांदाच होईल.